गोदाबाईंनी मागितलेली सुट्टी

"माझे पाय आज चालायचे नाहीत," गोदाबाई म्हणाल्या आणि चहाचा पेला खाली ठेवून ओटीवरच्या बाकावर मांडी घालून बसल्या. "तुम्ही दोघं जा रानात. उमा राहील माझ्याजवळ."

विमला अंगणात उभी होती. लुगड्याचा ओचा वर खोचून, पाण्याचा तांब्या पिशवीत घालून ती निघायच्या तयारीत होती. तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"दोघं म्हणजे?"

"तू आणि श्याम. वाट दाखवायला आत्माराम आहेच."

"वहिनी, काल तर तुम्ही समुद्राकाठच्या पुळणीवर मैलभर चाललात."

"म्हणूनच दुखतायत," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

श्याम दुर्बिणीची काच पुसत होता. त्याचा हात थांबला. त्याची बायको उमा दारातून एकदा सासूकडे आणि एकदा विमलाकाकूंकडे बघत राहिली.

छत्तीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. विमलेचा धाकटा श्याम तीन वर्षांचा असताना त्याला तिच्या थोरल्या जावेच्या ओटीत घातलं, त्यानंतर गोदाबाई विमलेला कधी टाकून बोलल्या नव्हत्या, सणावाराला बोलवायला त्या कधी चुकल्या नव्हत्या. पण श्याम आणि विमला एका खोलीत दोघंच, असं मात्र त्यांनी कधी होऊ दिलं नाही. विमला रत्नागिरीहून राजापूरला गेली आणि श्याम तिच्याजवळ येऊन बसला, की गोदाबाई तांदळाचं सूप घेऊन तिथेच निवडायला येत. विमलेला ते कळायचं. तिनं राग धरला नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं, असं तिला वाटायचं.

आणि मग जानेवारीत त्यांचं पत्र आलं. 'मला सुट्टी हवी आहे,' असं त्यांनी आपल्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं. 'देवदेव नको. चाळीस वर्षं आपल्या हातानं लावलेली कलमं बघितली, आता कोणीच न लावलेली झाडं बघायची आहेत. समुद्र बघायचा आहे. श्याम नेतो म्हणालाय. पण तू येशील तरच मी जाणार.' पत्र वाचून विमलेच्या यजमानांनी, आप्पांनी, चष्मा कपाळावर चढवला. "वहिनीला झालं काय?" एवढंच ते म्हणाले. त्यांच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नव्हता. विमला एकटी आली.

गुहागरच्या पुढे, कातळी सड्याच्या उतरणीवर आत्मारामचं घर होतं. श्याम चिपळूणला ज्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा तिथे आत्माराम शिपाई होता. निवृत्त होऊन गावी परतला होता. घराच्या खाली पोफळी, पोफळींच्या खाली पुळण आणि पुढे समुद्र. वरच्या अंगाला देवाचं रान.

"चला काकू," श्याम शेवटी म्हणाला. "ऊन चढायच्या आत जाऊन येऊ."

*

रानाच्या तोंडाशी आत्मारामनं वहाणा काढल्या. "हितनं पायताण न्हाय. देवाचं हाय समदं. माझ्या आज्याच्या आज्यापासनं हितं कुणी कोयती लावल्यान न्हाय."

आत पाऊल टाकलं आणि उन्हाचा पडदा मागे राहिला. मार्च उजाडला तरी इथे पायाखालचा पाचोळा ओला होता. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेल्या. त्यांच्या हातभर शेंगा वर लोंबत होत्या. कुठेतरी सुरंगी फुलली होती. वास येत होता, झाड दिसत नव्हतं.

श्याम पुढे चालत होता आणि काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. चाळिशीला आलेला माणूस, वर्गात साठ मुलांसमोर तासभर न थांबता बोलणारा. ही बाई आपली जन्मदाती आहे हे त्याला अकराव्या वर्षी शाळेतल्या एका मुलाकडून कळलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्यानं कोणालाच काही विचारलं नाही. पुढे कधी विचारलं नाही. गोदाबाईंना तो आई म्हणत होता आणि ती त्याची आईच होती. काकू दिवाळीला यायच्या, भाऊबिजेनंतर जायच्या, जाताना त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. तेवढंच.

"थांब," विमला मागून हलकेच म्हणाली.

तो थांबला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मग लोहाराचा भाता ओढल्यासारखा आवाज डोक्यावरून गेला.

"गरुड," आत्माराम कुजबुजला. धनेशाला त्या गावात गरुडच म्हणत.

"तीन आहेत," विमला म्हणाली. "पुढे काजरा असेल बघ. त्याची फळं पिकली की येतात. आपल्याला कडू जहर, आणि ते पेढ्यासारखी गिळतात."

वीस पावलांवर काजरा होता. नारिंगी फळांनी लगडलेला, आणि वर खरोखर तीन धनेश. एकानं चोचीत फळ धरून वर उडवलं आणि अलगद झेललं. श्यामनं दुर्बीण डोळ्यांना लावली, पण क्षणभरानं ती खाली घेतली आणि काकूंकडे पाहिलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्या मंडणगडच्या वरच्या अंगाला असंच रान होतं. वडील वैद्य होते ना माझे. पाळंमुळं आणायला जायचे, मला न्यायचे बरोबर. आईला नाही आवडायचं, मुलीच्या जातीनं रानात हिंडलेलं." ती हसली. "लग्न होऊन सासरी आल्ये, ते राहिलं."

श्यामनं दुर्बीण तिच्या हातात दिली. ती कशी धरायची ते तिला जमेना. त्यानं मागे उभं राहून तिच्या डोळ्यांपुढे ती धरली.

"अगंबाई," विमला म्हणाली. "पापण्या आहेत त्याला."

"राजापूरला सगळे विचारायचे, ह्याला हे पाखरांचं खूळ कुठून लागलं," श्याम म्हणाला.

"आणि वहिनी काय म्हणायच्या?"

"आई काही म्हणायची नाही. ही दुर्बीण तिनंच घेऊन दिली मला."

पुढे झऱ्यावर भेकर पाण्याला येतं का ते बघायला आत्माराम एकटाच गेला. माणसांच्या पावलांनी ते बुजतं. दोघं एका सपाट कातळावर बसली. पाण्याचा बारीक आवाज येत होता. विमलेनं तांब्यातलं पाणी आधी त्याला दिलं.

"काकू, एक विचारू?" तो तांब्याकडे बघत म्हणाला. "आजीनं तुमच्यावर जबरदस्ती केली तेव्हा आप्पाकाका काहीच बोलले नाहीत?"

विमलेला नुसती मान हलवता आली असती. घरातल्या सगळ्यांनी हेच धरलं होतं की म्हातारीनं ठरवलं आणि धाकट्या सुनेला सोसावं लागलं. त्या समजुतीच्या आडोशाला ती इतकी वर्षं उभी होती. सगळे तिच्याशी थोडं मऊ वागायचे ते त्यामुळेच.

"जबरदस्ती नव्हती रे," ती म्हणाली.

श्यामनं वर पाहिलं.

"सासूबाईंनी ठरवलंन् ते खरं. पण दत्तकविधानाच्या आदल्या दिवशी वहिनी मागच्या पडवीत आल्या. मी कुळीथ पाखडत होते. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, विमल, तू एकदा माझ्या कानात नाही म्हण. मी उद्या सगळ्यांसमोर सांगत्ये की मला हा मुलगा नको, मला तान्हं हवं. तुझं नाव कुठे येणार नाही. बोलणी मी खाईन."

"मग?"

"मी नाही म्हटलं नाही."

झऱ्याकडून एक वाळकी फांदी मोडल्याचा आवाज आला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"का?"

"त्यांची तीन गेली होती. शेवटचं तर महिन्याचं होऊन. राजापूरला एकाच घरात होतो आपण तेव्हा; तू त्यांच्या पदराला धरून हिंडायचास, त्यांच्याच हातनं जेवायचास. मला दोन मोठे होते. पंचवीस वर्षांची होते मी. मला वाटलं, देता येतं." तिचा आवाज चढला नाही की कापलाही नाही. "मग कळलं, नाही देता येत. पण तोवर तू त्यांना आई म्हणायला लागला होतास."

श्याम उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"आणि हे तू मला आज सांगतेस? मी आजीचं श्राद्धसुद्धा मन लावून केलं नाही कधी. आणि तू..." तो वळला आणि आलेल्या वाटेनं एकटाच निघाला.

विमला कातळावर बसून राहिली. थोड्या वेळानं आत्माराम आला, तिला एकटी बघून तांब्या भरून आणायला परत गेला. त्या अवस्थेतही तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. तो आजवर तिला तुम्ही म्हणायचा.

*

इकडे ओटीवर उमानं शेंगा सोलायला घेतल्या होत्या. तिला सासूबाईंचा राग आला होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ह्या बाईनं दुसऱ्याचं लेकरू हक्कानं घेतलं आणि वर पहारा ठेवला, हे तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं. ती नेहमी काकूंच्या बाजूनं असायची. काकूंच्या पानात जास्तीचं वाढायची आणि गोदाबाई ते बघून न बघितल्यासारखं करायच्या.

"पाय नाहीत ना दुखत तुमचे?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग?"

गोदाबाईंनी पदरानं कपाळ टिपलं. "श्यामला सांगायचं नाहीस. रत्नागिरीच्या डॉक्टरानं सांगितलंन्, हृदयाची एक झडप निकामी होत आल्ये. मुंबईला जाऊन कापून घ्या म्हणतो. मी नाही जायची. जेवढं आहे तेवढं आहे."

उमाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कधी सांगितलंन्?"

"संक्रांतीच्या आधी. तेव्हाच विमलला पत्र टाकलं. म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत दोघांना एकमेकांची सवय होऊ दे. माझ्या मागं त्याला आई नको? मी मध्ये बसून राहिले तर ती दोघं कधी बोलायची नाहीत. म्हणून बसले आज इथे." त्या समुद्राकडे बघत बोलत होत्या. "कठीण जातंय. पण बसले."

उमानं हातातली शेंग खाली टाकली. मग ती म्हणाली ते तिला स्वतःलाही अनपेक्षित होतं.

"म्हणजे परत एकदा देताय तुम्ही त्यांना. आणि परत एकदा त्यांना न विचारता."

गोदाबाईंनी मान वळवली. अकरा वर्षांत सून अशी बोलली नव्हती.

"त्यांना आई आहे," उमा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ती दुखणं लपवून बसल्ये, एवढंच. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन."

आत्मारामची बायको गंगुबाई आतून नाचणीच्या भाकऱ्यांचं विचारायला आली, तेव्हा सून सासूच्या पायाशी बसली होती आणि सासूचा हात तिच्या खांद्यावर होता. गंगुबाई तशीच परत गेली.

*

श्याम घरी न येता खालच्या वाटेनं सरळ पुळणीवर गेला. विमला आली ती आत्मारामबरोबर, बऱ्याच उशिरानं. न्हाणीशी तिनं पाय धुतले आणि ओल्या पायांनीच ओटीवर आली.

"मी सांगितलं त्याला, वहिनी."

"काय?"

"पडवीतलं."

गोदाबाई ताडकन उठल्या. "ते कशाला बोललीस? छत्तीस वर्षं मी ते कोणाला कळू दिलं नाही. ह्यांनासुद्धा नाही."

"म्हणूनच. तुम्ही माझं झाकलंत आणि सगळ्यांचा राग स्वतःवर घेतलात. मुलाला वाटायचं, आजीनं आणि तुम्ही मिळून मला नागवलंत. सुनेलाही तेच वाटायचं." उमा खाली बघत होती. "मी गप्प बसून सगळ्यांची माया खाल्ली. आज तुम्ही त्याला एकट्याला माझ्याबरोबर पाठवलंत, मग माझ्यानं खोटं बोलवेना."

"आता तो तुझ्याशी बोलायचा नाही, वेड्ये. मी कशासाठी पाठवलं आणि तू काय करून आलीस."

"नाही बोलला तर नाही बोलला," विमला म्हणाली. ती बाकावर बसली. गोदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"ऊठ. जाऊ त्याच्याकडे."

दोघी पोफळींतून उतरल्या. गोदाबाई दर पंधरा पावलांवर थांबत होत्या, आणि आता विमलेच्या लक्षात आलं की हे पायांचं दुखणं नव्हे.

"वहिनी, काय होतंय तुम्हाला?"

"सांगत्ये. दोघांना एकदमच सांगत्ये."

श्याम ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसला होता. भरती ओसरली होती आणि ओल्या वाळूवर लालभडक खेकडे हजारांनी निघाले होते. माणसांची चाहूल लागली तसे सगळे एका क्षणात बिळांत गेले. गोदाबाई होडीच्या कडेवर टेकल्या, दम घेतला, आणि डॉक्टर काय म्हणाला ते सगळं त्यांनी सांगितलं.

"म्हणून मला सकाळी काकूंबरोबर धाडलंस?" श्यामनं विचारलं.

"हो."

"मी काय संक्रांतीचं वाण आहे, आई? ह्या हातातून त्या हातात द्यायला?" तो ओरडला नाही. त्याचा आवाज लहान झाला होता. "तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. आता मला विचार ना."

"विचारत्ये," गोदाबाई म्हणाल्या. "सांग."

"तू मुंबईला चल. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. तो कापायला हवं म्हणाला तर कापून घ्यायचं."

"ते सोडून काहीही सांग. त्या इस्पितळात एकटीनं पडून राहायचं, अनोळखी माणसांत..."

"एकट्या नाही," विमला म्हणाली. "मी येत्ये. माझा बाबू दादरला आहे, त्याच्याकडे राहू. इस्पितळात मी तुमच्या खाटेशी बसेन. महिना लागो, दोन लागोत."

"आणि आप्पांचं कोण बघेल?"

"त्यांना भात लावता येतो. मी शिकवलाय."

"विमल, मी नाही म्हणाले तर?"

"तुम्ही मला नाही म्हणायला वाट करून दिलीत, वहिनी. मी नाही देत तुम्हाला."

गोदाबाईंच्या तोंडून हसूच फुटलं, आणि हसता हसता त्यांना दम लागला. श्यामनं त्यांना सावरलं, त्यांची पाठ चोळली. "बरं," त्या म्हणाल्या. "बरं. जाऊ. पण आधी माझी सुट्टी पुरी होऊ दे. उद्या समुद्रातले गादे बघायचे आहेत मला."

विमलेशी मात्र श्याम बोलला नाही. घरी परतताना तो आईचा हात धरून पुढे चालला, जेवताना ताटाकडे बघून जेवला. विमलेनंही त्याला हाक मारली नाही. फक्त ताटावरून उठताना त्यानं विचारलं, "ती मंडणगडची रानं अजून आहेत?" आणि ती म्हणाली, "माहीत नाही. चाळीस वर्षं गेले नाही मी." तेवढ्यावर बोलणं थांबलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र अगदी निवळ होता. आत्मारामचा पुतण्या रघू होडी घेऊन आला होता. गादे, म्हणजे डॉल्फिन, त्या दिवसांत टेकाडाच्या टोकापलीकडे रोज दिसतात असं तो म्हणाला. होडी किनाऱ्याला पार टेकत नव्हती; मांडीभर पाण्यात उभी होती.

"आईंनी नको जायला," उमा म्हणाली. "पाण्यातून चालायचं, वर चढायचं..."

"सुट्टी कोणाची आहे?" गोदाबाईंनी विचारलं.

श्यामनं पँट वर दुमडली आणि त्यांना सरळ दोन्ही हातांवर उचललं. "अरे, अरे, वेडा की काय," असं त्या म्हणेपर्यंत त्यांना होडीतल्या फळीवर बसवलंसुद्धा. बसल्यावर त्यांनी लुगडं नीट केलं आणि त्या राणीसारखी मान वर करून समुद्राकडे बघायला लागल्या. उमा आपली आपण पाण्यातून गेली. रघूनं हात देऊन तिला वर घेतलं.

विमला काठावर राहिली होती. तिनं ओचा वर खोचला आणि पाण्यात पाऊल टाकलं. एक लाट आली, तिच्या पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली, ती जराशी डगमगली.

श्याम परत येत होता. तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कालपासून पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्याचा राग पुरता गेला नव्हता, तिला ते दिसत होतं.

"मी येईन चालत," ती म्हणाली. "गुडघ्याएवढंच तर पाणी आहे."

"पुढे खड्डा आहे."

"भिजेन फार तर."

"हात टाक गळ्याभोवती," तो म्हणाला आणि वाकला.

त्यानं तिला उचललं तेव्हा तिला कळेना हात कुठे ठेवावेत. तिनं ते आपल्याच छातीशी घट्ट धरले. एवढा मोठा झालेला हा मुलगा, कानांजवळचे केस पिकायला लागलेले, श्वासाला घरच्या दंतमंजनाचा वास. इतक्या जवळून तिनं त्याला तिसऱ्या वर्षानंतर पाहिलंच नव्हतं. तो सावकाश चालत होता, पायानं खड्डा चाचपत. पाणी त्याच्या मांड्यांना लागलं. एक मोठी लाट येताना दिसली आणि तो थांबला.

होडीतून गोदाबाई बघत होत्या. त्यांनी कडेवर दोन्ही हात टेकले, पुढे वाकल्या, आणि लाटेच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या,

"घट्ट धर गं त्याला, विमल."

विमलेनं दोन्ही हात श्यामच्या गळ्याभोवती टाकले आणि डोळे मिटले.